ओलं जातं

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. माझ्या ह्यांच्यापाशी नाही — ते गेले, न कळताच गेले. मुलापाशी नाही, सुनेपाशी नाही. देवापुढे हात जोडते, तेव्हा बाकी सगळं सांगून होतं, आणि इथवर आलं की मी घाईघाईने उदबत्ती पेटवायला घेते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि वाचताना तुमचं तोंड कसं होतं ते मला दिसायचं नाही. एवढंच बघा. भित्र्या माणसाला एवढा आडोसा लागतो.

आणि लिहायचं म्हणजे, मी शाळेत गेलेली नाही. मुलाच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं गिरवली, भाकरी थापता थापता. तेव्हा चुकलं तर चालवून घ्या. लिहिण्यातलं. बाकीचं नाही.

कुठून सुरुवात करू? जात्यापासूनच करते.

आम्ही राहतो बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत एक जातं आहे. गावाकडचं, माझ्या सासूच्या हातचं. आमचं इकडे यायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं होतं, ते राहू दे तिकडंच. पण सुनेच्या मैत्रिणीने कुठल्याशा हॉटेलात तसलं जातं मांडलेलं पाहिलं होतं. मग काय, टेम्पोत घालून आणलं, घासलं, त्यावर मनीप्लँटची कुंडी ठेवली. येणारी-जाणारी म्हणतात, किती छान, किती जुनं! मी हसते.

ते जातं ओलं होतं. म्हणजे — होतं असं नाही, राहतं. त्याच्याखाली फरशीवर ओलसर गोल उमटतो. सून म्हणते, "आई, कुंडीला पाणी जास्त होतंय." मी कुंडी उचलून पाहिली आहे, कितीदा तरी. माती कोरडी ठणठणीत. मुलगा म्हणाला, दगडात कधी मीठ मुरलं असेल, ते हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते तसं. हुशार आहे माझा मुलगा. त्याने बरोबर सांगितलं. फक्त मीठ नव्हतं ते.

पण चैत्रात, उन्हाने फरशी भाजत असताना, कुठल्या हवेतलं पाणी ओढत असेल ते? मी विचारत नाही. पुसून टाकते.

तर, शेत आमचं लोणी काळभोरच्या पुढे, मोठ्या रस्त्यावरून आत. ऊस घेणाऱ्यांची काळी जमीन तिकडे ओढ्याकडे, आमची शाळूची. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी हो. गणपती उठले की पेरायची. घरात सासरे — आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो — मी, माझे हे, धाकटे भाऊजी, आणि भाऊजींची बायको इंदू. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान.

आमच्याकडे पेरणी पाभरीने व्हायची. पुढे बैल, मागे पाभर, पाभरीवर लाकडाची वाटी असते, तिला चाडं म्हणतात. बाई मागून चालत चालत मुठीने त्या चाड्यात बी सोडते. नळ्यांमधून ते जमिनीत जातं. सोपं वाटतं ना? नाही. मूठ जरा सैल झाली की दाट, जरा आवळली की विरळ. वर्षाचं धान्य त्या मुठीत असतं. म्हणून घरात मूठ कुणी धरायची हे ठरलेलं असतं. ती बाई त्या दिवशी न्हाऊन, बांगड्या भरून येते. तिला आधी कुंकू लावतात, मग बैलांना.

माझ्या लग्नापासून मूठ माझी होती. इंदू आली आणि तिसऱ्या वर्षी मामंजींनी ती तिला दिली. भांडण नाही, काही नाही. उगवलेल्या ओळी बघून म्हणाले, "धाकटीची मूठ एकसारखी पडती. थोरले, तू आता दमलीस." मी तेव्हा पस्तिशीची होते! दमले होते का मी? पण खरं सांगू — तिची पडायचीच एकसारखी. ओळ बघितली तर दोरा ताणल्यासारखी. तेच तर सलायचं. खोटं असतं तर सोडून दिलं असतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी, माझ्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हा, भाऊजी गेले. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागला. विहिरीपासून रस्त्यापर्यंत चौघांनी उचलून आणलं, शेतातून, सरळ. तेव्हा रान रिकामं होतं.

इंदूचं कुंकू गेलं, हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं, लग्नाकार्यात पुढे बसणं गेलं. सगळं एकेक करून. आणि त्या वर्षी पेरणीच्या आधी गल्लीतल्या बायका कुजबुजायला लागल्या, आता मूठ कोण धरणार? तेव्हा मामंजींनी सगळ्यांसमोर, पारावर बसून सांगितलं, "मूठ धाकटीचीच. तिचा नवरा गेलाय, हात न्हाय गेला."

आजही वाटतं, काय माणूस! आणि त्याच वेळी माझ्या पोटात काय झालं — ते सांगायला मला अजून थोडा वेळ द्या.

त्याच वर्षी ते मण्याचं खत आलं. एक साहेब यायचे गावात, नव्या खताचं प्रात्यक्षिक करायला. आमच्या शेताची निवड इंदूमुळे झाली, ती सातवी शिकलेली, साहेबांना नीट प्रश्न विचारायची. पिवळे पिवळे मणी, मोहरीहून मोठे, गुळगुळीत. साहेब म्हणाले, आत साधा युरियाच आहे, पण वरून पातळ वेष्टन. साधा युरिया टाकला की पाण्याबरोबर अर्धा वाहून जातो, अर्धा उडून जातो. पीक लहान असताना भरमसाट मिळतं, आणि कणीस भरायच्या वेळी उपाशी. हे मणी मात्र झिरपतात. आज थोडं, उद्या थोडं, पार दाणा भरेपर्यंत. एकदा पेरणीला द्यायचं, पुन्हा बघायचं नाही. आणि बियाशेजारी पडलं तरी बी जळत नाही.

मी घरी येऊन दहा मणी पेल्यात पाण्यात टाकले. साधा युरिया कसा, टाकला की विरघळतो, पेला हाताला गार लागतो. हे सकाळी बघितले तर तसेच. दहाच्या दहा. तळाशी बसून माझ्याकडे बघत होते, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. मला तेव्हा ते आवडलं नाही. जे द्यायचं ते आत धरून बसलेलं. मला काय ठाऊक, मी पण तशीच होणार आहे.

पाभर त्या वेळी दोन चाड्यांची आणली होती. एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत, दोन्ही एकाच तासात, म्हणजे एकाच ओळीत पडतं. बियाचं चाडं इंदूचं. खताचं माझं. साहेब मला समोर उभं करून म्हणाले, "मावशी, मणी चेचू नका हं. फुटले तर आतला सगळा युरिया एकदम सुटेल आणि शेजारचं बी जळून जाईल."

ऐकलं तुम्ही? मी पण ऐकलं होतं. हे वाक्य मी आजवर स्वतःलाही वेगळं सांगत आले. मला कळलंच नव्हतं, मी अडाणी बाई, मला वाटलं मणी बनावट आहेत, पिकाला लवकर लागू पडावं म्हणून केलं. असं. दर वेळी थोडं वेगळं. पण मी ऐकलं होतं. मान पण हलवली होती.

पेरणीच्या आदल्या दिवशी नात्यात साखरपुडा होता. सगळे गेले. मी डोकं दुखतंय म्हणून राहिले. इंदूला कुणी चल म्हटलंच नाही, ती रानात बांध साफ करायला गेली. घरात मी एकटी. दुपार. कोंबड्या पण कुठे गेल्या होत्या कोण जाणे, एवढी शांतता.

मी पोतं सोडलं. दोन घमेली मणी काढले. आणि जात्याच्या तोंडात मूठ मूठ टाकत दळले.

आवाज वेगळाच यायचा. धान्य दळताना घरघर असते, हे करकरत होतं, बारीक, दात खाल्ल्यासारखं. पीठ नाही पडत ते. पांढरा चुरा आणि त्यात पिवळी टरफलं. घामेजलेल्या हाताला तो चुरा गार लागायचा, बर्फासारखा. मनगटापर्यंत गार. आणि — ऐका हो — जात्यावर बसलं की ओवी म्हणायची सवय आम्हा बायकांना. तोंडात आपोआप ओवी आली. मी ती म्हटली. अख्खी.

मग भानावर आले. जात्यात सगळीकडे तो चुरा. घाबरले. आणि अशी चूक केली, जी कुठलीही बाई करत नाही. मी जातं पाण्याने धुतलं.

तुम्ही मिक्सरवाल्या असाल तर सांगते. जातं धूत नाहीत. कधीच नाही. मूठभर कोंडा दळला की ते साफ होतं. ओल्या जात्यात पीठ बसून चिकटतं, दगड वास मारतो. घरातल्या लहान पोरीलाही ते ठाऊक असतं.

इंदू लवकर परतली. पाय धुतले, आत आली, आणि चुलीकडे जाता जाता थांबली. वाकून जात्यावर तळहात ठेवला. तळहाताकडे बघितलं. पदराला पुसला. आणि चूल पेटवायला गेली. बास.

दुसऱ्या दिवशी पेरणी. इंदू न्हाऊन आली, हातात बांगडी नाही, पण चेहरा — भाऊजी गेल्यापासून तसा चेहरा मी बघितला नव्हता. मामंजींनी तिच्या ओंजळीत पहिली मूठ घातली. रस्त्यावर दहा-बारा माणसं उभी होती. बघायलाच आलेली.

माझा बेत काय होता? चार तासं. रस्त्याच्या तोंडाची फक्त चार तासं उगवू नयेत. लोकांना दिसतील एवढीच. मग मामंजी म्हणतील, थोरले, तूच धर. एवढंच मला हवं होतं, बघा. एका माणसाच्या हातात उरलेली शेवटची गोष्ट.

माणसं उभी होती तिथल्या, रानाच्या मधल्या तासांना मी ओटीतला चुरा सोडत गेले, ओटी संपली की घमेल्यातून पुन्हा भरत. तासं रस्त्यापासून थेट विहिरीकडे जायची. दोन घमेली चुरा होता, संपेपर्यंत सोडला. संपला आणि मग साधे मणी घेतले. बाकी सगळं रान नीट पेरलं.

आठव्या दिवशी शाळू उगवला. सगळीकडे. आणि मधून एक पट्टा, बैलगाडी जाईल एवढा रुंद, रस्त्यापासून निघून सरळ विहिरीच्या काठापर्यंत. तिथे माती काळी, ओलसर, एक कोंब नाही.

मी तो विचार केला नव्हता. शपथेवर सांगते — नको, शपथ नको. मी कुठून निघून कुठे चालतेय हे मी बघितलंच नव्हतं. शेजारची म्हातारी बांधावर उभी राहिली, तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "आगं बया... मयत आणली ती वाट हाय ही."

खरंच ती तीच वाट होती. भाऊजींना उचलून आणलेली. पाऊल न पाऊल.

त्यानंतर काय बोलायचं राहिलं? गावाला जे हवं होतं ते मीच मातीवर लिहून दिलं होतं. लोक बघायला यायचे. त्या पट्ट्यातून कुणी चालत नसे. आमचे बैलसुद्धा तण काढायच्या कोळपणीला तिथे येऊन थबकायचे. युरियाचा उग्र वास असेल, आता मला कळतं. तेव्हा माझ्याही अंगावर काटा यायचा. जिने केलं तिच्याच!

आणि बाकीचं रान? काय सांगू तुम्हाला. साहेब खोटं बोलले नव्हते. पौषात सगळ्यांचा शाळू खालून पिवळा पडला, आमचा काळाभोर हिरवा. कणसं मुठीएवढी. मणी मातीत बसून रोज थोडं थोडं देत होते. त्या हिरव्याच्या मधोमध तो पट्टा आणखीच उघडा दिसायचा.

साहेब मोजमाप करायला आले. पट्ट्यापाशी उकिडवे बसले, माती चिमटीत घेतली. "इथे मणी फुटलेले दिसतात. कुणी चेचले होते का?"

मी तिथेच होते. हातात पाण्याचा तांब्या. आमचे हे म्हणाले, "न्हाय साहेब, खताचा दोष न्हाय. हाताचा हाय." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना पाणी दिलं.

इंदू बांधावर उभी होती. तिने ऐकलं. खताचं चाडं कुणाचं होतं हे तिला माहीत नव्हतं होय?

पुढच्या वर्षी मामंजींनी खाली बघत बघत म्हटलं, "थोरले, तू धर." मी धरली. त्यानंतर जोवर रान पेरलं तोवर मीच धरली. आणि एकदाही, एकदाही पीक फसलं नाही. मी वाट बघायची फसायची. लोक म्हणायचे, थोरलीच्या हाताला यश आहे.

इंदूने त्यानंतर बियाला हात लावला नाही. निवडायलासुद्धा नाही. मेथीचा वाफा असो, परसातला भोपळा असो. "नगं आक्का, तुम्हीच टाका." आणि उजवा हात पदराखाली ठेवायला लागली. आधी चारचौघांत, मग घरात, मग सदाच. पदराखाली काहीतरी धरून बसल्यासारखी. नव्या सुनांना वाटायचं, म्हातारीचा हात अधू आहे.

गेल्या महिन्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. इथे पुण्यात, म्हणून आमच्याकडेच राहिली. पहिल्या दिवशी डोळ्यावर पट्टी बांधून आली, भिंत चाचपत गॅलरीत गेली वाऱ्याला. हात पुढे केला — उजवा, कितीतरी वर्षांनी मी तो उघडा बघितला, गोरापान, वापरला नसल्यासारखा — आणि तो नेमका जात्यावर टेकला. ती तशीच उभी राहिली. मग आत येऊन बसली.

चार दिवसांनी, जेवणं झाल्यावर, मी तिच्या डोळ्यात औषध घालत होते. डोकं माझ्या मांडीवर. थेंब पडला, तिने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "आक्का, एक इचारू? त्या दिवशी जातं ओलं कशानं हुतं ओ?"

आवाजात काही नव्हतं. राग नाही, रडू नाही. जशी विचारते, आज भाजी कुठली. अठरा वर्षं तिने हे आत ठेवलं होतं आणि आता, मी तिच्या डोळ्यात औषध घालते आहे म्हणून, माझ्या हातात आणून दिलं. मला फक्त घ्यायचं होतं.

मी म्हणाले, "पाऊस आला असेल गं."

पाऊस! ऐन पेरणीच्या आदल्या दिवशी. पाऊस झाला असता तर रानात चिखल झाला असता, पाभर चालली असती का दुसऱ्या दिवशी? आणि जातं काय अंगणात होतं? ते सोप्याच्या आत, छपराखाली होतं. हे तुम्हाला कळलं नसेल कदाचित. तिला न कळायला ती काय शहरातली आहे?

ती म्हणाली, "व्हय. पाऊसच असंल." आणि उजवा हात उचलून हळूच पदराखाली घेतला.

परवा ती गावी गेली. दुसरा डोळा पुढच्या वर्षी करायचा म्हणतात.

पाऊस नव्हता. जातं मी धुतलं होतं. मणी फोडले तर बी जळेल, हे मला सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं होतं. तिची मूठ एकसारखी पडायची.